साप खात नाही? आधी ऊब, मग पाणी, अन्न सगळ्यात शेवटी

पाळलेल्या बॉल पायथनने महिनाभर उंदराला तोंड लावलं नाही की घरच्यांचा धीर सुटतो. कुणी चिमट्याने उंदीर तोंडात कोंबतो, कुणी सिरिंजने दूध पाजायला बसतो. सापाला उपासापेक्षा ही घाई जास्त महागात पडू शकते.

पश्चिम आफ्रिकेतला हा अजगर पूर्ण वाढल्यावर काही महिने न खाताही राहू शकतो. वजन टिकून असेल आणि हालचाल नेहमीसारखी असेल तर थांबायला हरकत नाही. दर आठवड्याला डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवायचं. ते १० टक्क्यांच्या आसपास घटलं, पाठीचा कणा वर दिसू लागला, श्वासाला आवाज येऊ लागला किंवा तोंडात पू, फेस दिसला, तर सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठायचा. पिल्लू असेल तर इतकं थांबायचंच नाही.

ऊब आणि पाणी

सापाचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५ ते २७ हवी. थंडीत बेळगाव-इंदूरकडे रात्री पारा उतरतो, तेव्हा हे हमखास बिघडतं. गारठलेल्या सापाला खाऊ घातलं तर अन्न पोटातच कुजतं आणि साप ते ओकतो.

कातडीला सुरकुत्या, खोल गेलेले डोळे, चिकट लाळ ही अंगातलं पाणी कमी झाल्याची लक्षणं. अशा वेळी उथळ कोमट पाण्यात १५-२० मिनिटं ठेवायचं, नजर मात्र हटवायची नाही. फारच सुकला असेल तर डॉक्टर सलाईन देतात.

भरवायचं कसं?

पद्धती दोन. पहिलीत मेलेला, कोमट केलेला छोटा उंदीर डोक्याकडून अलगद दातांपर्यंत द्यायचा आणि हात स्थिर ठेवायचा. गिळायचं काम सापाचंच. दुसरीत नळीने पातळ अन्न थेट पोटात सोडतात. श्वासनलिकेचं तोंड सापाच्या जबड्यात खाली, पुढेच असतं. नळी तिथे शिरली तर अन्न फुफ्फुसात जातं. म्हणून हे काम डॉक्टरांचं, किंवा त्यांच्यासमोर शिकलेल्याचं.

सुरुवात अगदी थोड्याने. लांब उपासानंतर एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस घसरून जीव जाऊ शकतो. भरवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. ओकलं तर किमान १०-१४ दिवस पोटाला विश्रांती.

दूध मात्र कधीच नको. नागपंचमीला साप दूध पितो, तो तहानेने. ते त्याचं अन्न नाही.

कायदा काय म्हणतो?

नाग, धामण, आपल्याकडचा अजगर यांना घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. जखमी साप सापडला तर वनखात्याला कळवायचं, घरी उपचार करत बसायचं नाही. बॉल पायथनसारख्या विदेशी सापाची नोंदणी परिवेश पोर्टलवर करावी लागते. कायदा केंद्राचा, त्यामुळे बेळगावात एक आणि कोल्हापुरात दुसरा असं नाही. नोंदणी राहिली म्हणून डॉक्टर टाळला, तर त्याची किंमत सापच मोजतो.

सापाने स्वतःहून उंदीर धरला की भरवणं थांबवायचं. तो बरा होतोय याची हीच सगळ्यात चांगली खूण.