आधी दाराची फट बघा

१९५९ची कॅडिलॅक सीरिज ६२ कन्व्हर्टिबल कुठेही उभी असली, तरी माणसं तिच्या मागच्या बाजूला गोळा होतात. कारण तिथे ते प्रसिद्ध उंच पंख आहेत आणि प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन-दोन लाल दिवे. गाडी लांबीला पावणेसहा मीटरच्या आसपास, वजनाला दोन टनांहून जास्त. पण ती खरोखर किती टिकली आहे हे ज्याला बघायचं असतं, तो आधी दारापाशी जातो आणि दाराची मागची फट वरपासून खालपर्यंत न्याहाळतो.

बंद गाडीत छप्पर पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना बांधून ठेवतं. खुल्या टपाच्या गाडीत हा आधारच नसतो. त्यात त्या वर्षांतल्या कॅडिलॅकची चासी एक्सच्या आकाराची होती. दारांच्या खालून जाणारे बाजूचे दांडेच तिला नव्हते. त्यामुळे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या सिलवर बराच भार येतो. सिल आतून कुजली की गाडी मध्यावर बसते. दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद होते. रंगारी कितीही हुशार असला, तरी ही फट त्याला रंगाने बुजवता येत नाही.

सिल कुजते ती बाहेरून नव्हे. टपाच्या कडेतून झिरपलेलं पाणी खाली उतरतं आणि ते निघून जायची भोकं धुळीने, पाल्याने तुंबतात. ओला गाळ पत्र्याला चिकटून राहतो. इथलं रसायनशास्त्र जरा उलटं वाटतं. गंजायला ऑक्सिजन लागतो, तरी लोखंड जास्त झिजतं ते ऑक्सिजन कमी असलेल्या जागी, म्हणजे गाळाखाली. तिथले लोहअणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत गाळाच्या कडेला जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. एक छोटी बॅटरीच चालू होते. पाण्यात मीठ असेल तर तिचा वेग वाढतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतल्या जुन्या गाडीला भाव का येतो, ते यावरून कळेल. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. बाहेर वाटाण्याएवढा फुगा दिसला, तर आत पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो.

कोरडी हवाही फुकट मिळत नाही. तिथे ऊन रंग खातं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरू लागली. त्यावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या लांब रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि रंग खडूसारखा निस्तेज होतो. पॉलिश केलं की तो मेलेला थर फडक्यावर येतो, खाली पुन्हा चकाकी दिसते. पण प्रत्येक वेळी रंग थोडा पातळ होतो आणि शेवटी धारदार कडांवर प्रायमर डोकावतो. अशी विरलेली कड मला नव्या आरसपानी रंगापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

नवा रंग पकडायला जाडी मोजणारं यंत्र आहे. कारखान्यातला थर ढोबळमानाने शंभर ते दीडशे मायक्रॉनचा. लांबी भरलेल्या जागी हा आकडा हजारावर जातो. खिशात साधं चुंबक ठेवणारेही असतात, पण त्यांनी एक लक्षात ठेवावं. दोन पत्र्यांच्या जोडावरची खाच त्या काळी कारखान्यातच शिसे-कथलाच्या मिश्रधातूने भरत, आणि तिच्यावरही चुंबक नीट धरत नाही. दाराच्या मधोमध ते निसटलं तर शंका घ्यावी. जोडावर निसटलं, तर कदाचित तो अस्सलपणाचाच पुरावा.

क्रोमबद्दल थोडक्यात सांगतो. बंपरवर दिसणारा क्रोमियमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढाच असतो. पत्र्याचं खरं रक्षण त्याखालचं निकेल करतं. बारीक छिद्रांतून ओल आत शिरली की बंपरवर तांबूस ठिपके उठतात. जस्ताच्या ओतीव भागांवर मात्र पुटकुळ्या येतात, कारण तिथे आतलं जस्तच सडत असतं. पॉलिशने त्या जात नाहीत.

राहिला टप. त्या काळच्या बऱ्याच टपांची मागची खिडकी काचेची नसून मऊ व्हिनाइलची असे. त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य वर्षानुवर्षं निसटत जातं. खिडकी पिवळी पडते, कडक होते आणि घडीवर तडकते. म्हणून इतक्या जुन्या गाडीचा टप बदललेला असणारच, आणि त्यासाठी तिचे गुण कापू नयेत असं मला वाटतं. मालकाला तो उभा करायला मात्र जरूर सांगावं. काच पूर्ण वर घेतल्यावर टपाच्या कडेशी कुठे उजेड दिसतो ते बघावं आणि मग त्याच जागेखालचा गालिचा उचलून पत्र्यावर हात फिरवावा.