काम तेवढंच, मग पगार कमी का?

गटाच्या बैठकीत मजुरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘काम तेवढंच, पण बाईचा रोज कमी.’ हेच दुखणं पावणेदोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका संगीतकार बाईचंही होतं. तिचं नाव लुईझ फारांक. आज आम्ही तिच्याविषयी सांगणार आहोत.

लुईझचा जन्म १८०४ सालचा. घराणं मूर्तिकारांचं. लहानपणापासून ती पियानो शिकली. तिला नुसतं वाजवायचं नव्हतं, स्वतः संगीत रचायचंही होतं. पण पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात रचना शिकवणारे वर्ग तेव्हा फक्त मुलांसाठी होते. मग तिथल्याच राइखा नावाच्या गुरूंकडे ती खाजगी शिकली. १८२१ साली तिचं लग्न आरिस्तीद फारांक यांच्याशी झालं. ते बासरीवादक होते आणि पुढे त्यांनी संगीत छापण्याचा व्यवसाय सुरू केला. बायकोच्या पियानोसाठीच्या रचना त्यांनी स्वतः छापल्या.

१८४२ मध्ये त्याच विद्यालयात लुईझ पियानोची प्राध्यापक झाली. एकोणिसाव्या शतकात त्या दर्जाची कायमची जागा तिथे मिळालेली ती एकटीच बाई. तिच्याकडे मुलींचा वर्ग होता. तिच्या विद्यार्थिनींनी बक्षिसं मिळवली, तिची मुलगी व्हिक्टोरीनही त्यांत होती. तरी तेच काम करणाऱ्या पुरुष प्राध्यापकापेक्षा लुईझचा पगार कमीच होता. एक ना दोन, तब्बल आठ वर्षं हे असंच चाललं.

या काळात तिने तीन सिंफनी रचल्या. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेलं, बहुतेक वेळा चार भागांचं संगीत. त्यातली तिसरी १८४९ मध्ये विद्यालयाच्या नामांकित वाद्यवृंदाने वाजवली. पुढच्या वर्षी तिची नऊ वाद्यांची रचना लोकांसमोर आली. चार तारवाद्यं, पाच फुंकून वाजवायची, आणि प्रत्येकाला आपापला वाव. पुढे जगप्रसिद्ध झालेले योआखिम तिच्यात व्हायोलिन वाजवायला होते. रसिकांना ती फार आवडली.

आता खरी गोष्ट ऐका. नाव गाजत असताना लुईझ गप्प बसली नाही. तिने विद्यालयाचे संचालक ओबेर यांना पत्र लिहिलं आणि पुरुष सहकाऱ्याइतकाच पगार मागितला. आणि तो तिला मिळाला! काम तर ती आधीपासूनच चोख करत होती. पण नुसत्या चोख कामाने पगार वाढला नव्हता. तो मागावा लागला, तोही लेखी.

पुढचे दिवस कठीण गेले. १८५९ मध्ये व्हिक्टोरीन वारली आणि लुईझने नव्या रचना करणं जवळजवळ थांबवलं. पण ती रिकामी बसली नाही. जुन्या उस्तादांच्या विस्मृतीत गेलेल्या रचना शोधून त्यांचे खंड छापायचं मोठं काम नवरा-बायकोने हाती घेतलं. १८६५ मध्ये नवरा गेला. तिने एकटीने ते पुढे नेलं आणि २३ खंड पूर्ण केले. तीस वर्षं शिकवून ती निवृत्त झाली. १८७५ मध्ये तिचं निधन झालं. तिच्या सिंफनी मात्र तिच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं तिचं नावही मागे पडलं. आता जगभरचे वाद्यवृंद तिचं संगीत पुन्हा वाजवू लागले आहेत.

तिला न्याय मिळाला, पण तो तिच्यापुरता. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा फ्रान्समध्ये १९७२ साली झाला, आपल्याकडे १९७६ साली. म्हणजे लुईझला जे पत्र लिहून मागावं लागलं, तो आज आपला कायदेशीर हक्क आहे. तेव्हा मैत्रिणींनो, कामाचे दिवस वहीत मांडून ठेवा, आणि मजुरी ठरवायला एकटीने नको, गटाने मिळून जा. तोंडी ऐकलं नाही, तर लेखी द्या.