खडकावरचे ज्युनिपर ओळखताना

हिमाचल किंवा उत्तराखंडात पदभ्रमणाला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना सुमारे ३,५०० मीटर उंचीवर उंच वृक्ष विरळ होताना दिसतात. तेथे खडकांना बिलगून गुडघ्याएवढी, टोचऱ्या पानांची झुडपे पसरलेली असतात. ही ज्युनिपरे. पण कोणती?

ठेंगणेपणा ही काही खात्रीची खूण नव्हे. बर्फाच्या थरावर आलेले शेंडे हिवाळी वाऱ्याने सुकतात; बर्फाखालच्या फांद्या वाचतात. म्हणून निरनिराळ्या जाती येथे सारख्याच दिसतात. उलट, येथे खडकावर पसरणारे सामान्य ज्युनिपर (ज्युनिपेरस कम्युनिस) युरोपच्या सखल भागात कित्येक मीटर सरळ वाढते.

तेव्हा भिंग घ्या आणि पान पाहा. सामान्य ज्युनिपरची सुईसारखी पाने एका पेरावर तीन-तीन असतात. प्रत्येकाच्या वरच्या बाजूस एकच रुंद पांढरा पट्टा असतो. पर्णरंध्रे याच पट्ट्यात असतात आणि त्यांवरील मेणामुळे तो पांढरा दिसतो. पानाच्या बुडाशी स्पष्ट सांधा असतो. ज्युनिपेरस स्क्वामाटाचीही पाने तीन-तीनच. पण त्यांना सांधा नसतो, बूड डहाळीला चिकटून खाली उतरते. ज्युनिपेरस इंडिकाच्या जून फांद्यांवर मोरपंखीसारखी खवलेवजा पाने असतात.

आता ‘फळ’ पाहा. खरे तर ते फळ नाही. ज्युनिपर अनावृत्तबीजी असल्याने हा शंकूच आहे. त्याचे खवले मांसल होऊन एकजीव झालेले असतात. सामान्य ज्युनिपरच्या निळसर काळ्या शंकूत बहुधा तीनपर्यंत बिया असतात. इतर दोघांच्या काळ्या शंकूत एकच. शंकू मादी झुडपावरच येतात आणि पिकायला दोन-तीन वर्षे घेतात. त्यामुळे एकाच फांदीवर हिरवे व निळे शंकू दिसतात.

ही ओळख केवळ वहीत नाव लिहिण्यापुरती नाही. आयुर्वेदात ‘हपुषा’ म्हणून सामान्य ज्युनिपरचे शंकू वापरतात. दिसण्यावर विसंबल्यास दुसरीच जात औषधात जाईल. शिवाय ही झुडपे फार सावकाश वाढतात. मनगटाएवढे खोड अनेक दशकांचे असू शकते. म्हणून नमुन्यासाठी फांदी मोडू नये. खाली पडलेला एखादा शंकू आणि झुडपावरच्या पानांचे जवळून काढलेले चित्र पुरेसे आहे.

सहलीपूर्वी शाळेच्या आवारातील मोरपंखीचे पान भिंगाखाली पाहून घ्यावे. ती ज्युनिपरच्याच कुलातली. डोळ्यांना तेवढा सराव झाला, की डोंगरावर प्रश्न आपोआप सुचतात.