लिहिलेलं पेटीत ठेवू नका

फलटणच्या बेबीताई कांबळे घरच्यांपासून लपवून लिहायच्या. ते लिखाण पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकात आलं, मग १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. कुणाच्या तरी नजरेस पडलं, म्हणूनच छापलं गेलं.

आज नजरेस पडायला स्वतःची वेबसाइट कामी येते. मोबाइलवरही ती फुकट बनवता येते. आम्ही गटात सांगतो, चारच गोष्टी ठेवा : दोन ओळींत आपली ओळख, पुस्तक कशावर आहे, नीट तपासलेलं एक प्रकरण आणि ईमेल. सगळं पुस्तक टाकू नका, घरचा पत्ता तर नकोच.

प्रकाशकाला पत्र लिहाल, त्यात वेबसाइटचा पत्ता द्या. आणि कुणी छपाईचे पैसे आधी मागितले, तर सही करण्यापूर्वी तो कागद आपण गटात बसून वाचू.