‘एका जागी बसा, पडाल’

हे वाक्य मी सोसायटीत ऐकते, लग्नाच्या हॉलमध्ये ऐकते, अमेरिकेतल्या मुलांच्या व्हिडिओ कॉलवर ऐकते. ‘आई, तू कशाला उठतेस? काय हवंय ते सांग, मी देते.’ ‘बाबा, एकटे खाली उतरायचं नाही हं.’ ‘आजी, एका जागी बस बरं, पडशील.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते. खुब्याचं हाड मोडलं की माणसाचं आणि घराचं काय होतं, हे त्याने कुठेतरी जवळून पाहिलेलं असतं. ती भीती खरी आहे. पण तिच्यातून काढलेला उपाय साफ चुकीचा आहे, आणि तो रोज हजारो घरांत मायेने राबवला जातो म्हणून मला त्याबद्दल गप्प बसवत नाही.

म्हातारं माणूस चालताना पडतं, म्हणून चालणं कमी केलं की पडणं कमी होईल, असा हा हिशेब. ऐकायला बिनतोड वाटतो. पण तोल सगळ्यांचाच जातो. कॉलेजातली मुलगीही बसच्या पायरीवर अडखळते, पण पाय चटकन पुढे टाकून सावरते. सत्तरीतल्या माणसाला ते सावरणं जमत नाही, तेव्हा तो पडतो. सावरायला मांड्या-पोटऱ्यांत जोर लागतो, उभं राहिल्यावर डोक्यापर्यंत रक्त चढावं लागतं आणि या सगळ्याचा मेळ मेंदूला क्षणात घालावा लागतो. बसून राहिल्याने या तिन्ही गोष्टी खालावतात.

आधी पायांचं बघू. अमेरिकेतल्या अर्कान्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी 67 वर्षं वयाची, धडधाकट 11 माणसं दहा दिवस अंथरुणावर ठेवली. कुणी आजारी नव्हतं, जेवण व्यवस्थित होतं. दहा दिवसांनी त्यांच्या पायांतला चरबी सोडून उरलेला भाग, म्हणजे प्रामुख्याने स्नायू, जवळजवळ एक किलोने घटला होता. आता आपल्याकडे आजीला ताप येऊन गेल्यावर ‘पंधरा दिवस अजिबात उठायचं नाही’ असं सांगतात, ते आठवा.

तरुणांचंही वेगळं नाही. 1966 मध्ये डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. शरीर जोराच्या श्रमात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे मोजलं गेलं. तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढी क्षमता कमी झाली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत झाली होती.

माझी आत्या मोरीत घसरली, मनगटावर निभावलं. आम्ही घरातल्या चौघांनी मिळून तिचं हिंडणं बंद केलं. चहा हातात, जेवण हातात, देवपूजासुद्धा खुर्चीत. तीन महिन्यांनी प्लास्टर विस्मरणात गेलं होतं, पण तिला खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं. एका रात्री ती लघवीला उठताना पलंगाशेजारीच पडली. पहिल्यांदा ती ओल्या फरशीमुळे पडली होती. दुसऱ्यांदा आमच्यामुळे पडली, असं मी आज स्पष्ट म्हणते.

रात्री लघवीला उठताना पडणारे इतके का असतात, याचं उत्तर रक्ताभिसरणात आहे. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांमध्ये दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. ती लगेच मेंदूला कळवतात, हृदय भरभर चालू लागतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि पोटऱ्या आकुंचन पावून रक्त वर ढकलतात. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. प्राणवायू साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे नाही. काही सेकंद रक्त कमी पडलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात.

वय वाढेल तशी ही यंत्रणा सुस्तावते. अंथरुणात किंवा खुर्चीत दिवस काढले की आणखी सुस्तावते. पडून राहिल्याने शरीरातल्या रक्ताचं प्रमाणच कमी होतं, पोटऱ्या सैल पडतात. म्हणजे पडू नये म्हणून ज्याला बसवून ठेवलं, त्याला उभं राहताच भोवळ येण्याची तयारी आपणच करून ठेवतो.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर तो दोष मानला जातो. तपासणी सोपी आहे: पाच मिनिटं आडवं पडायचं, दाब मोजायचा, उभं राहायचं, पहिल्या मिनिटात मोजायचा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचा. 2017 मध्ये अमेरिकेतल्या अकरा हजारांहून जास्त मध्यमवयीन माणसांच्या माहितीवरून असं दिसलं, की पहिल्या मिनिटात झालेल्या घसरणीचा चक्कर येण्याशी आणि पुढे पडण्याशी जास्त जवळचा संबंध होता. आपल्याकडे दवाखान्यात खुर्चीत बसवून एकदाच दाब घेतात. ‘बीपी नॉर्मल आहे’ असं ऐकून माणूस घरी येतो आणि संध्याकाळी उठताना कोसळतो. ‘उभं करून मोजता का?’ असं विचारायला संकोचू नका. दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

आपल्या घरांत ही घसरण घडवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून एकदम उठणं. कढत पाण्याने पाटावर बसून आंघोळ केल्यावर उठणं, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. भरपेट जेवणानंतरचे एक-दोन तास, कारण तेव्हा रक्त आतड्यांकडे वळलेलं असतं. आणि रात्रीची लघवी. या चारही ठिकाणी हाताशी भक्कम दांडी हवी आणि उठताना घाई नको. पलंगाच्या कडेला बसायचं, घोटे वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवायचे, मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर लगेच चालू न लागता मनात दहा आकडे मोजायचे. मोरीत कपडे वाळवायच्या दांडीला धरून उठणारे वडीलधारे मी पाहिले आहेत. ती दांडी टॉवेल पेलते, माणूस पेलत नाही.

आता मेंदू. चालणं आपल्याला बिनडोक काम वाटतं, पण ते तसं नाही. स्वीडनमध्ये 1997 साली एक फार साधं निरीक्षण नोंदवलं गेलं. वृद्धांच्या निवासात 58 जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. त्यातले 12 जण बोलायला लागताच थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारापैकी 10 जण पडले. चालणं आणि बोलणं एकाच वेळी झेपत नव्हतं, याचा अर्थ चालण्यातच मेंदूची बरीचशी ताकद खर्ची पडत होती. तुमच्या घरचे आजोबा उत्तर द्यायला थबकत असतील, तर ते लक्षात घ्या.

2024 मध्ये अमेरिकेतल्या जखमी होऊन उपचार घेतलेल्या चोवीस लाखांवर वृद्धांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पडून जखमी झालेल्यांपैकी 10.6 टक्क्यांना वर्षभरात डिमेन्शियाचं निदान झालं. इतर कारणांनी जखमी झालेल्यांत हे प्रमाण 6.1 टक्के होतं. पडल्याने डिमेन्शिया होतो, असा अर्थ यातून घाईने काढू नये. मेंदूतला बिघाड आधीच सुरू झालेला असतो आणि स्मरणशक्तीच्या तक्रारीआधी तो चालीतून दिसतो, असंही असू शकतं. म्हणून वारंवार पडणाऱ्या माणसाची स्मरणशक्तीही तपासून घ्यावी. डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये दिली, त्या चौदा कारणांत शारीरिक हालचालींचा अभाव आहे आणि एकटेपणाही आहे. खाली कट्ट्यावर जाणं बंद केलेल्या आजोबांच्या वाट्याला दोन्ही येतात.

मग करायचं काय? याचं उत्तर मिळून पंचवीस वर्षं उलटून गेली, आणि तरी आपण ‘बसा’ म्हणतो, याची मला चीड येते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 80 वर्षांपुढच्या 233 स्त्रिया निवडल्या. पुन्हा सांगते, ऐंशीच्या पुढच्या. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन व्यायाम शिकवले: घोट्याला हलकं वजन बांधून पाय उचलणं, आधाराला धरून एका पायावर उभं राहणं, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून चालणं, मागे चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. वर्षाअखेरीस व्यायाम न केलेल्या गटात पडण्याचे 152 प्रसंग घडले होते, केलेल्या गटात 88. हे 1997 साली प्रसिद्ध झालं. त्यानंतर 2019 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 108 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. तेवीस हजारांवर माणसं त्यात होती. व्यायामाने पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटतं, असा निष्कर्ष निघाला. नुसत्या चालण्याचा असा फायदा मात्र त्यात ठामपणे दिसला नाही. तेव्हा बागेतल्या फेऱ्या चालू ठेवा, पण तोल सांभाळण्याचा सराव वेगळा करावा लागतो. तो ओट्याला धरून करता येतो. सुरुवातीला शेजारी कुणीतरी उभं हवं, आणि गुडघे, खुबा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पहिला धडा फिजिओथेरपिस्टकडूनच घ्यावा.

आत्याने ओट्याला धरूनच सुरुवात केली. पहिल्या दिवशी एका पायावर तिला तीन आकडेही मोजता आले नाहीत.

आणखी काही समजुती आहेत, त्या थोडक्यात. ‘वय झालं की पडायचंच’ असं म्हणतात. 1988 मधल्या अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात 75 वर्षांपुढच्या 336 जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश पडले. म्हणजे दोन तृतीयांश पडले नाहीत.

‘हाड आपोआप मोडलं, म्हणून पडल्या.’ क्वचित असं होतं. पण खुब्याची दहातली नऊहून अधिक हाडं पडल्यामुळेच मोडतात, बहुधा कुशीवर पडल्यामुळे.

‘चक्कर येते म्हणजे स्पॉन्डिलायटिस.’ कूस बदलताना किंवा वर फळीवर बघताना काही सेकंद घर फिरत असेल, तर बहुतेक वेळा दोष कानात असतो. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून भलत्या नळीत गेलेले असतात. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागेवर नेता येतात, बऱ्याचदा एका बैठकीत. गळ्याला पट्टा बांधून ते हलत नाहीत. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या चकरेच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या, तर हातपाय ताठर होऊन चाल मंदावू शकते आणि मग माणूस गोळीमुळेच पडतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. चिठ्ठीवरच्या गोळ्या कधी सुरू झाल्या आणि अजून लागतात का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

‘बीपीच्या गोळीने तोल जातो, बंद करून टाका.’ 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंट चाचणीत नऊ हजारांवर माणसं होती. ज्यांचा दाब 120 च्या खाली आणायचा प्रयत्न केला, त्यांच्यात दाब फार उतरणं आणि शुद्ध हरपणं थोडं जास्त दिसलं. पण पडून इजा होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. शिवाय 2019 च्या निष्कर्षांत, सौम्य स्मृतिदोषाचं प्रमाण कडक उपचारांच्या गटात सुमारे 19 टक्क्यांनी कमी आढळलं. मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेली माणसं त्या चाचणीत नव्हती, हे ध्यानात ठेवावं. गोळीची वेळ आणि मात्रा बदलता येते. ती कचऱ्यात टाकणं हा उपाय नाही.

‘व्हिटॅमिन डी घेतलं की पडत नाही.’ ऑस्ट्रेलियात 70 वर्षांपुढच्या सव्वादोन हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला. त्या इतरांपेक्षा 15 टक्के जास्त पडल्या, आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला धरतात. ती दुसऱ्या हातात धरायची.

शेवटची समजूत जीव घेऊ शकते: ‘रक्त आलं नाही, टेंगूळही नाही, म्हणजे काही झालं नाही.’ वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे त्याच्या आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या धक्क्याने त्यातली एखादी फाटते आणि रक्त थेंबाथेंबाने साचत राहतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर धोका वाढतो आणि अशा माणसाला डोक्याला मार लागला की त्याच दिवशी दाखवावं. लक्षणं कधीकधी तीन-चार आठवड्यांनी दिसतात: डोकं दुखतं, माणूस दिवसा झोपाळतो, नावं चुकवतो, एक पाय ओढत चालतो. तोवर ते पडणं सगळे विसरलेले असतात आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, आता भ्रमिष्टासारखं करतात.’ साचलेलं रक्त कवटीला छोटं छिद्र पाडून काढता येतं आणि पुष्कळ माणसं पुन्हा पहिल्यासारखी बोलू-चालू लागतात. त्यासाठी डॉक्टरांना पडल्याची तारीख कळायला हवी. पडल्याच्या दिवशीच ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.