आईची ठुमरी, मुलाचे ड्रम

फ्यूजन म्हटलं की आपल्याकडचे जुने रसिक नाक मुरडतात, आणि पुष्कळदा त्यांचं बरोबरच असतं. अशा आल्बममध्ये भारतीय गळा बहुधा मागे कुठेतरी दोन ताना घेण्यापुरता असतो. १९८८ सालचा ‘उस्फ्रेट’ मात्र तसा नाही.

मुंबईत वाढलेले, तबला आणि ड्रम दोन्हींवर हुकूमत असलेले त्रिलोक गुर्टू यांचा हा आल्बम जर्मनीच्या सीएमपी कंपनीने काढला. ट्रम्पेटवर डॉन चेरी, व्हायोलिनवर एल. शंकर, गिटारवर राल्फ टाउनर. आणि गायला साक्षात ठुमरीगायिका शोभा गुर्टू, म्हणजे त्रिलोक यांच्या आई! बेळगावात जन्मलेली, गायिका मेनकाबाई शिरोडकरांची ही लेक साठी उलटल्यावर या मंडळींत उभी राहिली. पहिल्या रचनेचं नावच ‘शोभारॉक’.

हे जमलं कसं? ठुमरीत गायिका एकच बोल घोळवते, वळवते, लांबवते. खाली ताल संथ चालत राहतो. शेवटी लग्गी, म्हणजे जलद बोलांचं वादन, सुरू झाली की तबलजीला रान मोकळं. गाणारी निवांत आणि वाजवणारा चपळ, ही सोय ठुमरीत मुळातच आहे. आईचं गाणं ऐकत वाढलेल्या मुलाला मुखडा समेवर कधी येणार हे सांगावं लागत नाही. म्हणून ड्रम कितीही जोरकस झाले तरी गळ्यावर कुरघोडी करत नाहीत.

त्रिलोक स्टुलावर न बसता जमिनीलगत, गुडघा टेकून वाजवतात. शेजारी पाण्याची बादली. वाजती घंटा पाण्यात बुडवली की नाद खाली घसरतो, थेट मींडेसारखा.

अशीच घसरण चरणजित सिंग यांच्या १९८२च्या आल्बममध्ये आहे. हिंदी चित्रपटसंगीतातल्या या वादकाने रोलँडच्या यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. तेव्हा तो आल्बम फारसा कुणी घेतला नाही. २०१० साली पुन्हा निघाला, तेव्हा शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या आधीच मुंबईत तसा नाद निघाला होता, याचं जगाला नवल वाटलं. मला त्यात राग स्वरावलीपुरतेच उरलेले वाटतात. तरी भैरव जरूर ऐकावा.

लोकलने शहाडहून दादरला पोहोचेपर्यंत एक आल्बम सहज ऐकून होतो. आधी शोभाताईंची एखादी ठुमरी ऐका, मग ‘उस्फ्रेट’ लावा. इअरफोनवरच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा बास हरवून जातो.