आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध: आपल्या घरांत सहसा न सुचवली जाणारी वाट

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत ठरलेली यादी निघते. नीटमध्ये मार्क आले तर एमबीबीएस, नाहीतर बीयूएमएस. मग इंजिनिअरिंग, फार्मसी, डीएड-बीएड. आंतरराष्ट्रीय संबंध किंवा आंतरराष्ट्रीय कायदा हे विषय या यादीत सहसा नसतात. एखाद्या मुलाने किंवा मुलीने नाव काढलंच, तर पहिला प्रश्न येतो, "हे शिकून पोटाचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर द्यायचा प्रयत्न आम्ही इथे करत आहोत. पण आधी या विषयाचा आपल्याशी संबंध काय, ते पाहू.

दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबर २०२३ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलविरुद्ध अर्ज केला. २६ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने गाझाबाबत अंतरिम आदेश दिले. त्या दिवशी आपल्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. एक म्हणत होता, निकाल लागला. दुसरा म्हणत होता, या कोर्टाला कुणी विचारत नाही. दोन्ही मेसेज अर्धवट होते. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. आणि हेगचे आदेश पाळणं संबंधित देशांवर बंधनकारक असतं, पण ते राबवायला न्यायालयाकडे पोलीस नाहीत. निकाल पाळला नाही तर प्रकरण सुरक्षा परिषदेत जाऊ शकतं, आणि तिथे पाच देशांकडे व्हेटो आहे. एवढा फरक समजावून सांगणारं माणूस आपल्या मोहल्ल्यात किती घरांत सापडेल?

याहून बोलकं उदाहरण गांबियाचं आहे. पश्चिम आफ्रिकेतला हा चिमुकला देश. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने रोहिंग्यांच्या प्रश्नावर म्यानमारला हेगमध्ये खेचलं, आणि २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिले. इस्लामी सहकार्य संघटनेत ५७ देश आहेत, त्यात तेलाच्या पैशावर श्रीमंत झालेले कितीतरी. तरी खटला दाखल केला तो गांबियाने. कारण त्या वेळचे तिथले कायदामंत्री अबुबकर तांबादू यांनी रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणात अनेक वर्षं वकील म्हणून काम केलं होतं. बांगलादेशातल्या छावणीत रोहिंग्यांच्या कहाण्या ऐकल्यावर १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराचा आधार कसा घ्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं. हळहळ सगळ्यांनाच वाटली होती. अर्ज लिहिण्याचं ज्ञान ज्याच्याकडे होतं, त्याने अर्ज लिहिला.

आता आपल्या दाराशी येऊ. कुलभूषण जाधव यांचं प्रकरण महाराष्ट्राने जवळून पाहिलं. १७ जुलै २०१९ रोजी हेगने १५ विरुद्ध १ मताने निर्णय दिला की पाकिस्तानने १९६३ च्या वाणिज्य दूतसंबंधांच्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं आहे. न्यायालयाने सुटकेचा हुकूम दिला नाही, पण शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. हे कलम ३६ प्रत्येक परदेशस्थ माणसाला लागू होतं. परक्या देशात अटक झाली तर आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे हे त्याला विनाविलंब सांगितलं पाहिजे, आणि त्याने मागणी केली तर कळवलंही पाहिजे. रत्नागिरी, रायगडपासून मराठवाड्यापर्यंत ज्यांचे अब्बा, भाऊ, चाचा सौदी, दुबई, कुवेतला कामाला आहेत, त्या घरांना या कलमाची गरज कधीही पडू शकते.

कोकणातल्या आपल्या बिरादरीत पिढ्यानपिढ्या जहाजावर जाणारी माणसं आहेत. मालक पगार थकवतो, जहाज परक्या बंदरात सोडून देतो, पोरं महिनोन्‌महिने अडकून पडतात. त्यासाठी २००६ चा सागरी कामगार करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दोन महिन्यांचा पगार थकला तरी खलाशाला वाऱ्यावर सोडल्याचं धरता येतं, आणि अशा वेळी घरी परतण्याचा खर्च आणि ठरावीक पगार देण्यासाठी मालकाकडे आर्थिक हमी असावी लागते. हेसुद्धा आंतरराष्ट्रीय कायद्याच्याच अभ्यासक्रमात येतं.

हा विषय आपल्याला परका आहे असंही नाही. इमाम अबू हनीफा यांचे शागिर्द इमाम मुहम्मद अश-शैबानी यांचं निधन सन ८०५ चं. युद्ध, तह, दूत आणि कैदी यांच्या नियमांवर, म्हणजे 'सियर' या शाखेवर त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं आहे. युरोपात या शास्त्राचे जनक मानले जाणारे ह्यूगो ग्रोशियस यांचा प्रसिद्ध ग्रंथ १६२५ चा आहे.

दोन विषय, दोन पदव्या

इथे पुष्कळ पालकांचा गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय संबंध हा राज्यशास्त्राच्या घरातला विषय. देश एकमेकांशी असे का वागतात, व्यापार, युद्ध, परराष्ट्र धोरण, हे त्यात शिकवतात. त्यात बीए, एमए, पुढे पीएचडी होते. पण नुसत्या एमएवर काळा कोट घालून कोर्टात उभं राहता येत नाही.

आंतरराष्ट्रीय कायद्यात वकील व्हायचं तर आधी एलएलबी लागते. बारावीनंतर पाच वर्षांची, किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांची. एलएलबीत हा विषय थोडाच असतो, खरी तयारी एलएलएममध्ये होते. म्हणून मुलाचा कल आधी ओळखावा. कायद्याचा कागद वाचायला आणि वाद घालायला आवडत असेल तर एलएलबी. इतिहास, राजकारण, एखाद्या प्रदेशाचा अभ्यास आवडत असेल तर एमए.

कुठे शिकता येतं?

राज्यातल्या लॉ कॉलेजांसाठी महाराष्ट्राची लॉ सीईटी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, त्यांच्या प्रवेशासाठी क्लॅट द्यावी लागते. तिथली फी वर्षाला लाखांत जाते, हे आधीच धरून चाला. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे.

दिल्लीला पाठवायची तयारी असेल तर पर्याय वाढतात. जेएनयूमधली आंतरराष्ट्रीय अध्ययनाची शाखा देशातली जुनी आणि नावाजलेली आहे. तिची मूळ संस्था १९५५ मध्ये सुरू झाली होती. एमएचा प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतो, आणि फी खासगी विद्यापीठांच्या मानाने फारच कमी आहे. सार्क देशांनी उभारलेल्या साऊथ एशियन युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम होतं. जामिया मिल्लियात आंतरराष्ट्रीय अध्ययनाची स्वतंत्र अकादमी आहे, अलीगढमध्ये पश्चिम आशियाचा अभ्यास होतो. नोकरी करता करता शिकायचं असेल तर दिल्लीच्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉचे पदविका अभ्यासक्रमही पाहावेत.

पोटाचं काय?

खरं बोलायचं तर पदवी हातात पडली की लगेच मोठा पगार, असं हे क्षेत्र नाही. भारतीय परराष्ट्र सेवेचा रस्ता यूपीएससीतून जातो, आणि तिथल्या जागा दरवर्षी मोजक्याच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात राहण्याचा खर्च आपलाच. त्यामुळे मुलाला फक्त "यूएनमध्ये जायचंय" या स्वप्नावर सोडू नका.

जवळची कामंही पुष्कळ आहेत. मुंबईत जहाज वाहतूक, विमा, आयात-निर्यात आणि परदेशी करारांचं काम करणाऱ्या लॉ फर्म आहेत. त्याशिवाय प्राध्यापकी, पत्रकारिता, संशोधन संस्था, मानवी हक्क आणि मदतकार्याच्या संघटना आहेत. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पीएचडीचा खर्च भागतो. मौलाना आझाद फेलोशिप आणि 'पढो परदेश' या दोन्ही केंद्रीय योजना २०२२-२३ पासून बंद झाल्या आहेत, म्हणून आता नेटचं महत्त्व आणखी वाढलं आहे. बाहेर शिकायचं तर ब्रिटनची चेव्हनिंग आणि युरोपची इरास्मस मुंडुस या शिष्यवृत्त्या खुल्या आहेत. चेव्हनिंगला साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो.

भाषेचा हिशोब

उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी जड जाते, हे मान्य करायला हवं. रोज इंग्रजी पेपरचं एक पान आणि दर आठवड्याला एक पान लिखाण, हे अकरावीपासूनच सुरू करावं. पण एका बाबतीत आपली मुलं पुढे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत अरबी आहे. मकतबात कुरआन वाचायला शिकलेल्या मुला-मुलीला लिपी आधीच येते. अर्थात तिलावत येणं वेगळं आणि आजच्या अरबीत करार वाचता येणं वेगळं, त्यासाठी दोन-तीन वर्षं रीतसर शिकावं लागतं. पण इतर मुलं जिथे अलिफपासून सुरुवात करतात, तिथून आपली मुलं बरीच पुढे उभी असतात.

घरात अकरावी-बारावीचं मूल असेल, तर या सुट्टीत एक काम करून पाहा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या वेबसाइटवर प्रत्येक खटल्याचे कागद फुकट मिळतात. गांबियाच्या किंवा जाधव यांच्या खटल्याचा सारांश त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "बेटा, यात काय लिहिलंय ते आम्हाला समजावून सांग." कंटाळून उठलं तर विषय त्याचा नाही, सक्ती करू नका. पण शब्दकोश काढून दुसरं पान वाचायला लागलं, तर "पोटाचं काय?" हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा आणि प्रवेश परीक्षेच्या तारखा पाहायला घ्या.